वऱ्हाड कोणी घेतलं? सावकार, कंपनी आणि 'कारण' शोधण्याची पद्धत

"इंग्रजांनी कापसासाठी वऱ्हाड घेतलं." हे वाक्य तुम्ही कुठल्या ना कुठल्या पुस्तकात वाचलं असेल, नेट-सेटच्या नोट्समध्ये पाठही केलं असेल. त्याच जातीचं दुसरं एक वाक्य जगाच्या इतिहासात भेटतं: "साखरेच्या व्यापाऱ्यांनी हवाई बेटांचं राज्य उलथवलं." दोन्ही वाक्यं ऐकायला पटतात. परीक्षेत लिहिली तर गुणही मिळतील. पण पीएच.डी.च्या आराखड्यात असं वाक्य लिहिलंत तर समितीतले सर पहिलाच प्रश्न विचारतील, "हे तुम्हाला कशावरून कळलं?"

या लेखात आपण तोच प्रश्न घेऊ. व्यापाऱ्यांमुळे राज्य जातं, म्हणजे नेमकं काय होतं? कर्ज देणारा, फायदा होणारा आणि प्रत्यक्ष राज्य घेणारा हे तिघं एकच असतात का? मी मुख्यतः १८५३ च्या वऱ्हाडाबद्दल लिहिणार आहे, कारण तो विषय आपल्या दाराशी आहे. हवाईची गोष्ट आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढे तुलना करता येईल.

हवाईत काय झालं?

हवाई हे प्रशांत महासागरातलं बेटांचं स्वतंत्र राज्य होतं. अमेरिकी मिशनऱ्यांची पुढची पिढी तिथे जमीन, साखर आणि वकिली यांत शिरली. १८७५ च्या करारामुळे हवाईची साखर अमेरिकेत जकातीशिवाय जाऊ लागली आणि उसाचे मळे वाढले. १८८७ मध्ये या गोऱ्या व्यापारी-वकील मंडळींनी सशस्त्र दबाव आणून राजा कालाकौआ याच्याकडून नवी राज्यघटना मान्य करून घेतली. तिने राजाचे अधिकार काढले आणि संपत्तीच्या अटी घालून बहुतेक मूळ हवाईवासीयांचा मताधिकार आकसला. १८९० च्या अमेरिकी जकात कायद्याने इतर देशांच्या साखरेवरचीही जकात उठवली. त्यामुळे हवाईची सवलत निरर्थक झाली.

कालाकौआनंतर गादीवर आलेल्या राणी लिलिउओकलानी हिने जानेवारी १८९३ मध्ये नवी घटना आणून अधिकार परत मिळवण्याचा प्रयत्न केला. लगेच तेरा जणांची एक 'सुरक्षा समिती' उभी राहिली. अमेरिकेचा वकील जॉन स्टीव्हन्स याच्या सांगण्यावरून 'बोस्टन' या युद्धनौकेवरचे १६० हून अधिक सैनिक १६ जानेवारीला होनोलुलूत उतरले. दुसऱ्या दिवशी समितीने राजेशाही संपल्याचं जाहीर केलं.

राणीने जो लेखी निषेध नोंदवला, तो नीट वाचण्यासारखा आहे. आपण या समितीपुढे हार मानत नाही, अमेरिकेच्या लष्करी बळापुढे माघार घेत आहोत, असा त्याचा आशय होता. म्हणजे आपलं राज्य कशाने गेलं, याचं विश्लेषण तिने त्याच दिवशी करून ठेवलं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. हवाईतला त्या काळचा सगळ्यात मोठा साखरसम्राट क्लाउस स्प्रेकल्स हा बेटं अमेरिकेला जोडण्याच्या विरोधात होता. अमेरिकी कायदे लागू झाले तर मळ्यांवर करारबद्ध मजूर आणणं अवघड होईल, ही त्याची धास्ती होती. तेव्हा 'साखरेच्या व्यापाऱ्यांनी' या शब्दातच गडबड आहे. सगळे व्यापारी एका बाजूला नव्हतेच. हा मुद्दा मनात ठेवून आता आपल्या मुलखात येऊ.

मोगलाईतली दोन सैन्यं

पालम, गंगाखेड, पूर्णा हा आपला पट्टा निजामाच्या राज्यात होता. त्याला जुनी माणसं 'मोगलाई' म्हणायची. पैनगंगेच्या पलीकडचं वऱ्हाडही त्याच राज्यात होतं. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं आणि परभणी-हिंगोलीचा भाग निजामाकडे राहिला. आज हिंगोली मराठवाड्यात आणि वाशिम विदर्भात का, याचं उत्तर शोधत मागे गेलात तर तुम्ही या तारखेपाशी येऊन थांबता.

विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ होतो तो निजामाच्या पैशावर पोसलेल्या दोन सैन्यांबाबत.

पहिलं सैन्य म्हणजे तैनाती फौज. १७९८ आणि १८०० च्या तहांनी ती आली. तिचा खर्च भागवण्यासाठी निजामाने १८०० मध्येच बल्लारी-कडप्पाकडचा मुलूख कंपनीला कायमचा देऊन टाकला. म्हणजे या फौजेचा हिशेब तिथेच मिटला होता.

दुसरं सैन्य म्हणजे पुढे ज्याला 'हैदराबाद कंटिन्जंट' म्हटलं गेलं ते. १८०० च्या तहात एवढंच होतं की युद्धाच्या वेळी निजामाने ६,००० पायदळ आणि ९,००० घोडदळ मदतीला द्यावं. शांततेच्या काळात कायमची फौज बाळगावी, असं कलम नव्हतं. पण १८११ ते १८२० या काळात रेसिडेंट असलेल्या हेन्री रसेलने निजामाच्या खर्चाने, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक ब्रिगेड उभी केली. वऱ्हाड-औरंगाबादकडच्या पलटणींचीही तशीच फेररचना झाली. पेंढारी आणि पेशवा यांच्याविरुद्धच्या १८१७-१८ च्या लढायांत या फौजेचा कंपनीला उपयोग झाला. लढाया संपल्या, फौज मात्र राहिली. हिंगोली, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, एलिचपूर अशा ठिकाणी तिच्या छावण्या होत्या. खर्च वर्षाला सुमारे ४० लाख रुपये. पगार निजामाचा, हुकूम रेसिडेंटचा.

हा ४० लाखांचा खड्डा दरवर्षी भरायचा कसा, या प्रश्नातून पुढचं सगळं घडतं. दिवाणगिरीचा कारभार १८४३ पर्यंत चंदुलाल यांच्या हाती होता. त्यांनी सापडलेला मार्ग आपल्या गावातल्या कुठल्याही अडलेल्या शेतकऱ्याचाच होता: सावकाराकडून उचल घ्यायची आणि पुढच्या पिकाचा वसूल त्याच्या नावे लिहून द्यायचा.

या काळात निजामाला तीन मोठे धनको भेटले. तिघांचंही साधन एकच होतं, शेवट मात्र वेगळा झाला. संशोधकाला अशी परिस्थिती क्वचित मिळते, म्हणून एकेकाकडे नीट बघा.

पहिला धनको: पामर आणि कंपनी

विल्यम पामर हा कंपनीच्या एका जनरलचा मुलगा. आई फैझ बख्श ही मुघल घराण्यांशी नातं असलेली स्त्री. काही काळ निजामाच्या सैन्यात नोकरी करून १८१४ च्या सुमारास त्याने हैदराबादेत 'विल्यम पामर अँड कंपनी' ही पेढी चालवायला घेतली. भागीदारांत बंकटीदास हे गुजराती सावकार होते, रेसिडेन्सीशी संबंधित इंग्रज होते आणि पुढे सर विल्यम रंबोल्ड आला. रंबोल्डची बायको गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जच्या आश्रयाला वाढलेली. पेढीचं वजन कुठून आलं, हे वेगळं सांगायला नको.

ब्रिटिश माणसाने कंपनीच्या परवानगीशिवाय देशी राजाला कर्ज देऊ नये, असा १७९७ चा कायदा होता. १८१६ मध्ये हेस्टिंग्जच्या सरकारने पामरला त्यातून सूट दिली. मग पेढीने औरंगाबादकडच्या फौजेचा पगार भागवायचा आणि बदल्यात ठरलेल्या मुलखाचा वसूल घ्यायचा, अशी व्यवस्था बसली. व्याज वर्षाला २४-२५ टक्क्यांच्या घरात. १८२० मध्ये ६० लाखांचं आणखी एक मोठं कर्ज मंजूर झालं.

त्याच वर्षी चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला. त्याने हिशेब तपासायला घेतला. ६० लाखांतला बराच भाग हा नव्याने हातात दिलेला पैसा नसून जुन्या देण्याचंच नवं खत आहे, असं त्याला आढळलं. प्रकरण कलकत्त्यात आणि लंडनपर्यंत गाजलं. शेवटी १८२३ मध्ये कंपनी सरकारने उत्तर सरकार प्रांतापोटी निजामाला द्यावी लागणारी वार्षिक ७ लाखांची पेशकश कायमची मिटवून टाकली, सुमारे १ कोटी १६ लाख रुपये एकरकमी दिले आणि त्यातून पामरचं देणं भागवलं. पुढल्या वर्षी पेढी बुडाली.

यातून काय दिसतं? एका इंग्रजी पेढीने एका राज्याचा महसूल जवळजवळ आपल्या हाती घेतला होता, पण तिला राज्य मिळालं नाही. तिला अडवलं ते तिच्याच सरकारने. आणि निजामाचं नुकसान मात्र टळलं नाही. त्याचं कायमचं उत्पन्न गेलं.

दुसरा धनको: पेस्तनजींची पेढी

विकाजी मेहरजी आणि पेस्तनजी मेहरजी हे पारशी बंधू. वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून मुंबईला पाठवायला १८२० च्या दशकात त्यांनी सुरुवात केली. म्हणजे रेल्वे आणि मँचेस्टरच्या कितीतरी आधी वऱ्हाड-मुंबई कापूस व्यापार देशी भांडवलावर उभा राहत होता. या पेढीने निजाम सरकारला मोठमोठी कर्जं दिली. बदल्यात वऱ्हाडातल्या आणि आसपासच्या मुलखाचा वसूल त्यांच्याकडे लावून दिला गेला. औरंगाबादच्या टाकसाळीतून त्यांच्या नावाने ओळखलं जाणारं 'पेस्तनशाही' नाणंसुद्धा निघत होतं.

१८४० च्या दशकात निजाम सरकारने कर्ज पुरतं फिटायच्या आत हा मुलूख त्यांच्याकडून परत घेतला. पेढीने इंग्रजांकडे दाद मागितली. इंग्रजांनी मध्ये पडायचं नाकारलं आणि पेढी बसली.

इथे थांबून विचार करा. गहाणखत तेच आहे, मुलूख वऱ्हाडच आहे आणि धनकोला कापसात रस असल्याचा पुरावाही आहे. तरी पेस्तनजींच्या हातून वऱ्हाड निसटलं, कारण त्यांच्यामागे फौज नव्हती.

तिसरा धनको: खुद्द कंपनी सरकार

चंदुलाल गेल्यावर तिजोरी आणखी खालावली. कंटिन्जंटचा पगार थकला की रेसिडेंट कंपनीच्या खजिन्यातून उचल देई आणि ती रक्कम व्याजासह निजामाच्या नावे मांडली जाई. १८४८ मध्ये डलहौसी आला आणि वसुलीचा तगादा सुरू झाला. १८५१ मध्ये निजाम नासिर-उद्-दौला याने मोठी रक्कम फेडली, पण फौजेचा खर्च चालूच असल्यामुळे बाकी पुन्हा वाढली. १८५३ मध्ये दावा ४५ ते ५० लाखांच्या दरम्यान होता.

डलहौसीला मुलूख कायमचा हवा होता. निजामाने साफ नकार दिला. रेसिडेंट जॉन लो याच्याशी अनेक दिवस चाललेल्या वाटाघाटींनंतर २१ मे १८५३ रोजी तह झाला. वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्गचा भाग आणि रायचूर दुआब हे मुलूख कंपनीच्या कारभाराखाली गेले. मालकी नावाला निजामाची. कंटिन्जंट यापुढे कंपनीची फौज झाली: किमान ५,००० पायदळ, २,००० घोडदळ आणि तोफखान्याच्या चार तुकड्या. वसुलातून फौजेचा आणि कारभाराचा खर्च वजा करून उरेल ते निजामाला द्यायचं.

आता हिशेबाची दुसरी बाजू. सिकंदराबाद आणि जालना इथल्या छावण्यांमध्ये दारूवरचा जो अबकारी कर जमा होत होता, तो कंपनी कित्येक दशकं स्वतःकडे ठेवत होती. तो आपला आहे, असं निजाम सरकारचं म्हणणं होतं. वर्षाला साधारण लाखभर रुपये धरले आणि चाळीस वर्षांनी गुणले, तर आकडा जवळपास मागितलेल्या बाकीपाशी पोचतो. पुढे रेसिडेंट झालेल्या कर्नल डेव्हिडसनने १८६० मध्ये सरकारला कळवलं की १८५३ मध्ये निजामावर आपला खरा आर्थिक दावा फारसा नव्हताच, असं आपलं मत आहे. हा कबुलीजबाब इंग्रजांच्याच दप्तरातला आहे.

निजामाच्या रक्षणासाठी म्हणून उभी केलेली फौज, तिच्या पगारापोटी कर्ज आणि त्या कर्जापोटी मुलूख. कुंपणानेच शेत खाल्लं, एवढंच म्हणता येईल.

मग कापसाचं काय?

आता सुरुवातीच्या वाक्याकडे येऊ. कापूस हा हेतू होता का?

बाजूने पुरावा आहे. १८४८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने भारतातल्या कापूस उत्पादनावर जॉन ब्राइटच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर-ठाणे रेल्वे धावली. २० एप्रिलला डलहौसीने आपलं प्रसिद्ध रेल्वेविषयक टिपण लिहिलं, त्यात इंग्लंडला कापूस हवा आहे हे स्पष्ट म्हटलं. आणि २१ मे रोजी वऱ्हाडचा तह झाला. पाच आठवड्यांत तीन गोष्टी. मोह होतो, नाही का? शोधनिबंधाचं शीर्षक आपोआप सुचतं.

पण एकापाठोपाठ एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं, असं होत नाही. दाव्याची चाचणी घ्यायला हवी. आणि इथे इतिहासाने आपल्याला तीन चांगल्या चाचण्या आयत्या दिल्या आहेत.

पहिली चाचणी १८६० ची. १८५७ मध्ये निजामाचे दिवाण सालारजंग इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले. त्याचं बक्षीस म्हणून १८६० च्या तहात ५० लाखांचं कर्ज माफ झालं आणि रायचूर दुआब व धाराशिव परत मिळाले. वऱ्हाड मात्र परत आलं नाही. कर्ज संपलं, गहाण सुटलं नाही.

दुसरी चाचणी १८७० च्या दशकातली. कंटिन्जंटच्या खर्चाला तारण म्हणून वऱ्हाड हवंय ना, मग त्याऐवजी रोख भांडवल ठेवून घ्या आणि वऱ्हाड परत द्या, असा प्रस्ताव सालारजंगांनी दिला. सरकारने तो नाकारला. निव्वळ सावकार असता तर रोकड बघून त्याने खत फाडलं असतं.

तिसरी चाचणी १९०२ ची. कर्झनने वऱ्हाडचा कायमचा भाडेपट्टा करून घेतला, वर्षाला २५ लाख रुपयांवर. आणि त्याच सुमारास हैदराबाद कंटिन्जंट ही वेगळी फौज मोडून भारतीय सैन्यात मिसळली गेली. ज्या फौजेच्या पगारासाठी वऱ्हाड ठेवलं होतं ती फौजच उरली नाही, तरी वऱ्हाड सुटलं नाही. १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं गेलं.

या तीन चाचण्यांमधून एक गोष्ट ठामपणे म्हणता येते: १८६० नंतर वऱ्हाड कर्जापोटी ठेवलेलं नव्हतं. तोवर अमेरिकेतलं यादवी युद्ध (१८६१-६५) सुरू होऊन कापसाची टंचाई झाली, नागपूरपर्यंत रेल्वे १८६७ मध्ये पोचली, १८७० मध्ये खामगावची शाखा खुद्द व्हाईसरॉय मेयोच्या हस्ते सुरू झाली. वऱ्हाड *सोडायचं नाही* या निर्णयात कापसाचं वजन होतं, असं म्हणायला भक्कम आधार आहे.

पण १८५३ मध्ये ते *घेतलं* कापसासाठी, हे त्याच पुराव्यावरून सिद्ध होत नाही. १८५३ चा तात्कालिक प्रश्न फौजेच्या पगाराचा होता आणि घेतलेल्या मुलखात धाराशिव-रायचूरही होतं. तेव्हा घेण्याचं निमित्त, घेण्याचा हेतू आणि ठेवण्याचं कारण हे तीन वेगळे प्रश्न आहेत. एका वाक्यात तिघांना कोंबलं की वाक्य सोपं होतं आणि संशोधन बिघडतं.

तुलनेतून हाती काय लागलं?

आता हवाई आणि हैदराबाद शेजारी ठेवू. तुलना म्हणजे दोन्हीकडची साम्यं मोजणं, असा अनेकांचा समज असतो. साम्यांपेक्षा फरक जास्त शिकवतात.

हवाईत व्यापारी-वकिलांनी स्वतःच सरकार बनवलं, राणी पदच्युत झाली. हैदराबादेत गादी राहिली, एक भरघोस प्रांत गेला. हवाईत बळ वापरल्यावर वॉशिंग्टनमध्ये चौकशी झाली. अध्यक्ष क्लीव्हलंडने पाठवलेल्या जेम्स ब्लाउंटने अमेरिकी वकिलाला दोषी धरलं, तरी राणीला गादी परत मिळाली नाही आणि १८९८ मध्ये बेटं अमेरिकेला जोडली गेली. शंभर वर्षांनी, १९९३ मध्ये, अमेरिकी काँग्रेसने माफीचा ठराव केला. हैदराबादच्या बाबतीत मेटकाफने खासगी पेढीला आवरलं, पण तीस वर्षांनी त्याच सरकारने तेच साधन स्वतः वापरलं, आणि मग आवरायला कुणी वर उरलं नव्हतं.

सगळ्या धनकोंची रांग लावा: पामर, पेस्तनजी, कंपनी, हवाईचे मळेवाले. कर्ज किंवा भांडवल चौघांकडेही होतं. राज्य किंवा मुलूख दोघांनाच मिळाला, ज्यांच्या मागे सरकारी फौज उभी राहिली त्यांना. पामरकडून सरकारने हात काढला, तो बुडाला. पेस्तनजींना हात कधी मिळालाच नाही, तेही बुडाले. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

माझं म्हणणं म्हणून इतकंच मांडतो: परकीय व्यापारी हितसंबंध राज्य पोखरतात, पण ते पाडायला दुसऱ्या राज्याची फौज लागते. त्यामुळे 'व्यापाऱ्यांनी राज्य घेतलं' असं कुठेही वाचलंत की त्या वाक्यात फौज कुठे आहे, ते शोधा. राणी लिलिउओकलानीने आपल्या निषेधात तेच बोट दाखवलं होतं.

"म्हणजे तुम्ही निजामाची बाजू घेता?"

मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला हा विषय घेतल्यावर हा प्रश्न येणारच. आपल्याकडे निजाम म्हटलं की रझाकार आणि १७ सप्टेंबर १९४८ आठवतो, आणि ते आठवणं साहजिक आहे. पण १८५३ चा नासिर-उद्-दौला आणि १९४८ चा मीर उस्मान अली खान यांच्यात जवळजवळ शतकाचं अंतर आहे. एका काळातला अन्याय नोंदवला म्हणजे दुसऱ्या काळातल्या जुलमावर पांघरूण घातलं, असं होत नाही. हे वाक्य आराखड्याच्या प्रस्तावनेतच लिहून टाका. मुलाखतीत लटपटायची वेळ येणार नाही.

आणि बाजूचाच प्रश्न असेल तर तिसरी बाजू विसरू नका. ४० लाखांची फौज, २४ टक्क्यांचं व्याज, पेढीने घेतलेला वसूल, हे सगळं शेवटी कुणी दिलं? ज्वारी-कापूस पिकवणाऱ्या रयतेने. ज्याला दोन-चार वर्षांसाठीच मुलखाचा वसूल मिळाला आहे, तो विहीर बांधायला किंवा तगाई द्यायला कशाला बसेल? तो मिळेल तेवढं ओरबाडणार. निजाम, पामर, पेस्तनजी, डलहौसी यांची कागदपत्रं भरपूर आहेत. पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरात या वर्षांचा वसूल कसा दिसतो, हे शोधायला अजून खूप जागा आहे. विषय शोधत असाल तर इकडे बघा.

आराखडा लिहिताना

कामाच्या चार गोष्टी सांगून थांबतो.

एक, कारण लिहिताना क्रियापद नेमकं ठेवा. 'कापसामुळे' असं मोघम लिहू नका. घेतलं, ठेवलं, परत दिलं नाही, यातलं कुठलं क्रियापद तुमचा पुरावा पेलतो, ते ठरवा.

दोन, ज्याला फायदा झाला त्यानेच केलं, असं धरून चालू नका. स्प्रेकल्स आठवा. फायदा हा सुगावा असतो, पुरावा वेगळा लागतो.

तीन, जिथे तीच परिस्थिती असून तो परिणाम झाला नाही, असं उदाहरण मुद्दाम शोधा. पेस्तनजींची पेढी नसती तर फौजेचा मुद्दा आपल्याला इतका स्वच्छ दिसला नसता. तुमच्या विषयातला 'पेस्तनजी' कोण, हे गाईडकडे जाण्याआधी ठरवा.

चार, भाषेची तयारी आत्तापासून करा. कंपनीचा परराष्ट्र खात्याचा पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि 'अभिलेख पटल' या त्यांच्या पोर्टलवर त्यातला बराच भाग पालममध्ये बसूनही उघडता येतो. निजाम सरकारची दप्तरं हैदराबादच्या अभिलेखागारात आहेत, त्यासाठी फारसी आणि पुढच्या काळासाठी उर्दू लागेल. गावपातळीच्या कागदांसाठी मोडी हवी. तिन्ही एकदम येणार नाहीत. तुमच्या प्रश्नाला जी लागते ती एक आधी धरा. इंग्रजी कागदांवरच विसंबलात तर डेव्हिडसनची कबुली सापडेल, पण तगाद्याच्या त्या वर्षांत दिवाणाच्या कचेरीत काय चाललं होतं, ते नाही सापडणार.